मार्चमधल्या खोलीचा भाव

साहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते शेवटपर्यंत. त्यात माझी चूक नव्हती, हे मी आजही कोणाहीसमोर सांगेन. मी त्यांना एक सौदा करून दिला होता. चार रात्रींची खोली तीन रात्रींच्या पैशांत, थेट व्हिएन्ना शहरात, सकाळचा नाश्ता धरून. असा सौदा करून देणाऱ्याला माणसं खांद्यावर घेतात. साहेबांनी मला दार दाखवलं.

साहेब म्हणजे गोखिवऱ्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यातले पर्चेस ऑफिसर. खिळ्यापासून क्रेनपर्यंत कारखान्याला लागणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या टेबलावरून जायची. मी तेव्हा सायकलच्या कॅरिअरला गोणी बांधून नटबोल्ट विकायचो. बाकीच्या कारखान्यांत काम पाच मिनिटांचं असायचं. भाव सांगायचा, समोरचा ड्रॉवर अर्धा उघडा असेल तर त्यात पाकीट सोडायचं, ऑर्डर घ्यायची. साहेबांचा ड्रॉवर कधी उघडा दिसला नाही. एका दिवाळीला मी त्यांच्या टेबलावर मिठाईचा पुडा ठेवून आलो, तर दुसऱ्या दिवशी शिपाई तो परत घेऊन आला आणि पुडा पोचल्याची माझी सही घेऊन गेला.

पण पैसे न खाणारा हा माणूस वेळ मात्र भरपूर खायचा. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. समोर खुर्ची दाखवायचे, पाणी मागवायचे आणि पाय लांब करून बसायचे.

"काय शेठ, आज सायकल उन्हात लावलीस?"

"सायकल राहू द्या, साहेब. अर्ध्या इंची बोल्टचं बोला."

"बोलू की. गेल्या वेळी किती म्हणाला होतास?"

"तेच आजही म्हणतो."

"म्हणजे तू सुधारला नाहीस. पंचवीस पैसे सोड."

"नाही सुटत."

"मग दहा."

"साहेब, दहा पैशांसाठी तुम्ही मला तिसऱ्यांदा बोलावलंत. माझा टायर झिजला त्यात."

"असं? टायरचा भाव काय चाललाय सध्या?"

माझं डोकं फिरायचं. दोनदा तर मी गोणी उचलून, दार आपटून निघून आलो. तरी पुढच्या आठवड्यात शिपाई हजर: साहेबांनी बोलावलंय, अजून एकदा विचारून बघू म्हणालेत. 'अजून एकदा विचारून बघू' हे त्यांचं पालुपद होतं. आणि शेवटी ऑर्डर मलाच मिळायची, बहुतेक वेळा मी पहिल्यांदा सांगितलेल्या भावाला. मग हे तीन आठवडे कशाला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला सायकलीवरून टेम्पोवर जायचं होतं. मला घाई होती.

रिटायर झाल्यावर त्यांच्या हातात कारखाना राहिला नाही, पण तीन कोटेशनांशिवाय काही विकत घ्यायचं नाही ही शिस्त राहिली. वसईच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी घ्यायची, तरी तीन भाजीवाल्यांकडे जाणार, तिघींचे भाव पाठ करणार आणि पहिलीकडे परत येणार. बायका त्यांना ओळखून होत्या. "आले बघ कोटेशनवाले," म्हणायच्या. एक जण तर तोंडावर सांगायची, "काका, तुमच्यासाठी जुडी आठवडाभर पाण्यात ठेवू काय? निवांत ठरवा." साहेब हसायचे नाहीत. ते तिला विचारायचे, आठवड्याने काय भाव राहील?

त्यांचं लग्न झालं नव्हतं. वसई पश्चिमेला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. आई होती तोवर दारात रांगोळी दिसायची, नंतर नाही. एवढंच मला माहीत होतं. माझ्याबद्दल त्यांना यापेक्षा जास्त माहीत होतं, कारण माझी बायको माहेरी गेली ती गेलीच, ही बातमी सगळ्या गोखिवऱ्यात फिरली होती. मी तापट आहे. तिने किती दिवस सोसायचं, असं लोक म्हणाले. म्हणोत.

तोवर माझं दुकान झालं होतं. पाटी, काउंटर, दोन नोकर. एक दिवस साहेब दुकानात बसले असताना एक गिऱ्हाईक युरोपचा अल्बम घेऊन आलं. टूर कंपनीबरोबर जाऊन आला होता. तासभर त्याने आम्हाला तो स्वतः, त्याची बायको आणि मागे काहीतरी बर्फाळ, असे फोटो दाखवले. किती पैसे पडले तेही सांगितलं. तेवढ्या पैशांत मी चिंचोटीला गाळा घेतला असता, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "अहो, गाळे काय, होतच असतात. हे बघायला वेगळी नजर लागते." मी त्याला त्या दिवशी एक पैसा सोडला नाही.

तो गेल्यावर साहेब म्हणाले, "मे महिन्यात गेला, म्हणून नागवला. मार्चमध्ये जायचं. झाडांना पालवी फुटायच्या बेतात असते, गर्दी नसते, लॉजवाल्यांच्या खोल्या रिकाम्या असतात. गिऱ्हाईक नसतं तेव्हाच दुकानदार बोलतो."

"तुम्ही गेलाय, साहेब?"

"नाही. चार वर्षं तयारी चालू आहे." मग म्हणाले, "एकट्याला खोली महाग पडते. दोघांत परवडते. तू घोरतोस का?"

घोरतो की नाही, हे सांगणारं माझ्या घरात कोणी उरलं नव्हतं. तसं मी म्हणालो. साहेबांनी मान हलवली, जणू ते कोटेशन त्यांना पसंत पडलं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलावर तीन फायली होत्या. युरोप – जाणे. युरोप – खाणे. युरोप – राहणे. पहिल्या फाइलीत विमानाचं तिकीट कुठून स्वस्त पडतं, विमानतळापासून शहरात जाणारी साधी गाडी कुठे मिळते, स्टेशनबाहेर पडल्यावर किती पावलांवर ट्राम, सगळं हाताने काढलेल्या नकाशांसकट होतं. त्यांनी मला त्याची कार्बन कॉपी दिली. "रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं," असंही त्यात लिहिलं होतं, खाली लाल रेघ मारून.

ईस्टरच्या आठवड्यात तिकडे भाव चढतात आणि तो सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. म्हणून दर जानेवारीत साहेब जवळच्या चर्चच्या ऑफिसात जाऊन यंदाचा ईस्टर कधी, ते विचारून यायचे. एकदा मी बरोबर होतो. फादर खुर्चीतून उठलेच नाहीत, बसल्या जागेवरून म्हणाले, "यंदा एप्रिलात आहे, साहेब. मार्च पूर्ण मोकळा. यंदा तरी जाताय ना?"

"भाव जमला तर," साहेब म्हणाले.

तयारी म्हणजे नुसती कागदावरची नव्हती. सामान जड झालं तर टॅक्सी लागते आणि टॅक्सी लागली की बजेट कोसळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दर रविवारी पाठीवर पिशवी लावून आम्ही निर्मळपर्यंत चालत जायचो. वजनासाठी पिशवीत माझ्याच दुकानातले नटबोल्ट. पहिल्या रविवारी आठ किलो, नंतर एकेक किलो चढत. वाडीतून सायकलवर केळी आणि फुलं घेऊन येणारी माणसं आम्हाला बघून थांबायची. एकाने विचारलं, "काय विकताय?" मी भडकलो. साहेबांनी शांतपणे सांगितलं, "काही नाही. युरोपला चाललोय." तो माणूस म्हणाला, "मग रस्ता चुकलात. इकडून निर्मळ लागतं."

निर्मळच्याच एका वाडीतून ते सुकेळी घ्यायचे. आपल्याकडची ही उन्हात वाळवलेली राजेळी केळी महिनोन्‌महिने टिकतात, वजनाला हलकी आणि दोन खाल्ली की दुपार निघते. कपाटात त्यांनी सुकेळी, खाकरे, तिखटमिठाच्या पुऱ्या असे डबे तारखा लिहून ठेवले होते. कुठला पदार्थ कितव्या दिवशी खराब होतो ते स्वतः खाऊन बघायचे. पुऱ्यांनी एकदा त्यांना दोन दिवस झोपवलं. मी पेज घेऊन गेलो तर पडल्या पडल्या म्हणाले, "पुऱ्या नऊ दिवस. दहाव्या दिवशी नाही. लिहून ठेव."

पण कळस झाला तो बर्फाच्या कारखान्यात. किल्ल्याकडच्या कोळीवाड्यात मासे टिकवायला लागणारा बर्फ बनवतात, तिथला मुकादम साहेबांच्या ओळखीचा. मार्चमध्ये व्हिएन्नाला सकाळी किती थंडी असते ते साहेबांना पाठ होतं. आपल्याकडचे स्वेटर तिथे पुरतात की नाहीत, हे आधीच कळलं तर नवीन कोट घ्यावा लागणार नाही, हा हिशोब. बाहेर एप्रिलचं ऊन. आम्ही दोघं स्वेटर, मफलर, कानटोपी चढवून बर्फ साठवायच्या खोलीत दोन स्टुलांवर बसलो.

मुकादमाने दार लावण्याआधी परत विचारलं, "साहेब, खरंच बसनार? आमची मानसं पन आत पाच मिनिटं टिकत नाय."

"पाऊण तास," साहेब म्हणाले. "मग उघड."

दहा मिनिटांत माझे दात वाजायला लागले. साहेब मांडीवर वही घेऊन पेन्सिलीने लिहीत होते.

"पायाची बोटं कशी आहेत, शेठ?"

"आहेत की नाहीत तेच कळत नाही."

"म्हणजे मोजे दोन जोड. नाक?"

"साहेब, मी तुमच्या पाया पडतो, बाहेर चला."

"बत्तीस मिनिटं राहिली. बोलत राहा. बोलल्याने ऊब येते."

मग मी बोललो. काय बोललो ते सगळं सांगत नाही. बायकोबद्दल बोललो, ती गेली त्या दिवशी मी काय फेकलं होतं त्याबद्दल बोललो. साहेबांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही आणि ते वहीतही लिहिलं नाही. दार उघडलं तेव्हा मुकादम चहाचे दोन ग्लास घेऊन उभा होता. म्हणाला, "पानी असतं तरी गोठलं असतं. तुमी कसली मानसं?"

हे सगळं कशासाठी, तर 'राहणे' या फाइलीसाठी. ती सगळ्यात जाड होती. व्हिएन्नात एका बाईंचं घरगुती लॉज होतं, पाच-सहा खोल्यांचं. चार वर्षांपूर्वी साहेबांनी नेहमीप्रमाणे तीन ठिकाणी पत्रं टाकून भाव मागवले होते. दोघांनी छापील दरपत्रकं पाठवली. या बाईंनी हाताने उत्तर लिहिलं. तेव्हापासून साहेबांची त्यांच्याशी घासाघीस चालू होती. दोन माणसं, तीन रात्री, मार्च महिना. बाईंनी भाव कळवला, त्यात खोली गरम ठेवायचा खर्चही आला म्हणाल्या. साहेबांनी लिहिलं, आम्हाला गरम खोली नको, तेवढे कमी करा. बाईंनी कळवलं, सगळ्या घराला एकच बॉयलर आहे, तुमच्या खोलीपुरता बंद कसा करू? साहेबांनी लिहिलं, मग नाश्ता नको. बाई म्हणाल्या, नाश्ता वेगळा लावलेलाच नाही. साहेबांनी लिहिलं, आम्हाला सगळ्यात वरची खोली द्या, लिफ्ट वापरणार नाही. बाई म्हणाल्या, लिफ्ट नाहीच.

मी भागीदार झाल्यावर साहेब ही पत्रं मला वाचून दाखवायचे. म्हणजे पत्र टेबलावर ठेवायचे आणि भावाच्या ओळी सोडून बाकीचा मजकूर लाकडी पट्टीने झाकायचे. पत्रं दोन-दोन पानांची असायची, भावाच्या ओळी दोन.

"बाकी काय लिहिलंय?" मी एकदा विचारलं.

"त्याचा भावाशी संबंध नाही."

"आणि माझ्याआधी चार वर्षं तुम्ही दोघांचा भाव विचारत होतात. दुसरा कोण होता?"

"कोणी नाही. दोघांचा भाव माणशी कमी पडतो."

एक जानेवारी गेला, दुसरा गेला, तिसरा आला. माझा पासपोर्ट तयार, दोन जोड मोजे तयार, पाठ बारा किलोला तयार. पण खोली पक्की झाल्याचा कागद असल्याशिवाय व्हिसाचा अर्ज घेत नाहीत, आणि साहेब खोली पक्की करत नव्हते. फरक उरला होता ऐंशी शिलिंगांचा. तिकडच्या चलनात ऐंशी, म्हणजे तिथल्या एका जेवणाचे पैसे. मी म्हणालो, ते ऐंशी मी भरतो. साहेब म्हणाले, "प्रश्न पैशांचा नाही, अजून एकदा विचारून बघू." मी धंद्यातला माणूस आहे. मार्च एकदा गेला की वर्ष गेलं. माझं वय काही थांबलेलं नव्हतं आणि ज्याच्याबरोबर जायचं त्याचं तर मुळीच नाही. मला तिकडे जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबरोबरच जायचं होतं. दुसरं होतं कोण?

दुकानात मी नवीन फॅक्स मशीन घेतलं होतं. बाईंच्या पत्राच्या माथ्यावर फॅक्स नंबर छापलेला असायचा. तो मी केव्हाच पाठ केला होता. एका दुपारी माझ्या दुकानापुरत्या इंग्रजीत मी चार ओळी लिहिल्या: मी साहेबांचा जोडीदार. तुमचा भाव मंजूर. पण तीन रात्रींच्या पैशांत चार रात्री द्या. आजच कळवा. तारखा घातल्या आणि पाठवून दिलं. तासाभरात मशीनमधून कागद बाहेर आला. होय. चार रात्री. तुम्ही येताय याचा आनंद आहे.

मी शटर ओढलं आणि तडक साहेबांच्या घरी गेलो. ते टेबलाशी बसून लिहीत होते.

"साहेब, पेढे काढा."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे कोणी पाठवलं?"

"मी. आज दुपारी."

"आणि हे कधी आलं?"

"तासाभरात."

"तासाभरात," साहेब म्हणाले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "चार रात्री मीही मागितल्या होत्या. तिसऱ्या वर्षी. नाही म्हणाल्या."

"मागायची एक पद्धत असते, साहेब. सात वर्षांत तुम्हाला जमलं नाही ते—"

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? भागीदार ना मी?"

"भाव चालू होता माझा. मी होकार दिला नव्हता."

"तुम्ही देणारच नव्हता! तुम्हाला जायचंच नाही. तीन वर्षं मला गाढवासारखं वजन घेऊन फिरवलंत, बर्फात बसवलंत, आणि जायचं तुमच्या मनातच नाही!" माझा आवाज चढला तसा शेजारचा दरवाजा उघडला. मला त्याची पर्वा नव्हती.

साहेबांनी अर्धवट लिहिलेलं पत्र घडी करून फाइलीत ठेवलं, फाइल कपाटात ठेवली, कपाटाला किल्ली लावली. मग दारापाशी जाऊन ते उघडं धरलं.

"तुझी खोली पक्की झाली, शेठ. जा तू."

"तुमचीही झाली."

"जा तू," ते परत म्हणाले. ते कधीच ओरडायचे नाहीत. त्या दिवशी ओरडले असते तर बरं झालं असतं.

व्हिसाच्या अर्जासाठी मी त्यांचा पासपोर्ट मागायला दोनदा गेलो. जाळीच्या दारातून मला बघून ते आत निघून गेले. मग मलाही राग आला. राग आला की मला कामं झपाट्याने सुचतात. मी एकट्याचा अर्ज केला, एकट्याचं तिकीट काढलं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकटा गेलो.

साहेबांची कार्बन कॉपी एका पावलानेही चुकली नाही. ट्राम सांगितली तिथे होती. डावीकडून गाड्या येत होत्या. मोठ्या स्टेशनमागच्या बेकरीत आदल्या दिवसाचा पाव अर्ध्या किमतीत मिळाला. नळाचं पाणी पिण्यासारखं होतं. झाडं अजून काळी होती, पण फांद्यांच्या टोकांना बारीक गाठी धरल्या होत्या. साहेब म्हणाले होते तसंच, फुटायच्या बेतात. एका बागेत बाकावर बसून मी सुकेळी खाल्ली. ऊन होतं आणि हात गारठले होते. दर थोड्या वेळाने मी "साहेब, बरोबर निघालं" असं म्हणायला तोंड उघडायचो आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला पिशवी असायची.

लॉजवाल्या बाई सत्तरीच्या होत्या. जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी चढायच्या. पहिल्या दिवशी दार उघडून त्यांनी आधी माझ्या मागे बघितलं.

"दुसरे?"

"तब्येत बरी नाही त्यांची," मी थाप मारली. बाईंचा चेहरा उतरला. खोलीत दोन पलंग होते. दोन्हींवर टॉवेल घडी करून ठेवले होते. चार रात्री तो दुसरा टॉवेल तसाच राहिला.

शेवटच्या सकाळी नाश्त्याला मी एकटाच होतो. सगळ्या घरातच एकटा होतो. बाईंनी समोर बसून विचारलं, "बर्फात बसले होते ते तुम्हीच का?"

मी चमकलो. म्हणालो, हो, मीच.

"ते लिहायचे तुमच्याबद्दल. मित्र रागीट आहे, पण पाऊण तास बसला, म्हणून."

मित्र. समोरासमोर शेठ सोडून दुसरा शब्द त्यांनी मला कधी वापरला नव्हता. मग मी बाईंना खरं ते सांगितलं. तब्येत ठीक आहे, ते माझ्यावर रुसलेत, तुम्ही मला तासाभरात होकार दिलात म्हणून. आणि मनात होतं ते विचारूनच टाकलं.

"मी मागितलं ते तुम्ही लगेच दिलंत. त्यांना सात वर्षं नाही म्हणालात. असं का?"

"तुम्हाला खोली हवी होती," बाई म्हणाल्या.

"आणि त्यांना?"

त्यांनी पावाची टोपली माझ्याकडे सरकवली. "मार्चमध्ये माझ्याकडे कोणी येत नाही. घरात मी एकटी असते. या दिवसांत त्यांचं पत्र यायचं. गुडघा शेकायला मीठ कसं तापवायचं ते त्यांनीच शिकवलं मला." मग म्हणाल्या, "फॅक्स आला तेव्हा मला वाटलं, यायचं ठरलंच आहे, तर आता नाही कशाला म्हणू?"

आयुष्यात मी हजारो सौदे केले. सौदा तुटला की भांडण होतं आणि सौदा झाला की समोरचा उठून जातो, हे मला साहेबांच्याही आधीपासून माहीत होतं. मी तर तेवढ्यासाठीच झटपट सौदे करायचो, माणूस लवकर उठावा म्हणून. कोणाला उठूच द्यायचं नाही म्हणून कोणी भाव करत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं. म्हणून चूक माझी, असं मी म्हणणार नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाई आतून एक कार्ड घेऊन आल्या. माझ्यासमोर त्यावर पेनाने आकडा लिहिला. दोन माणसं, तीन रात्री, मार्च. मी बघितलं तर जवळजवळ दीडपट.

"बाई, हा भाव तुम्हाला कोणी देणार नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "हे त्यांना द्या. पुढच्या वर्षीपासून हा भाव आहे म्हणावं. परवडत नसेल तर लिहा."

परत आलो त्याच संध्याकाळी मी साहेबांच्या दारात उभा राहिलो. जाळीच्या दारातून त्यांनी मला बघितलं आणि वळले. मी जाळीतून कार्ड आत सरकवलं आणि म्हणालो, "व्हिएन्नाहून आहे."

ते थांबले. वाकून कार्ड उचललं, चष्मा लावला.

"हा भाव?" ते म्हणाले.

"पुढच्या वर्षीपासून. परवडत नसेल तर लिहा म्हणाल्या."

"फार आहे."

"फारच आहे, साहेब. लूट आहे."

"नाश्ता धरून?"

"ते काही बोलल्या नाहीत."

"विचारायला हवं," साहेब म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. भाव वाढला म्हणून इतका उजळलेला चेहरा मी धंद्यात दुसरा पाहिला नाही. मग कार्डावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "त्यांचा गुडघा?"

"कठडा धरून चढतात."

त्यांनी मान हलवली आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मला वाटलं, पत्र लिहून झालं की उघडतील. मी जिन्यात बसून राहिलो. खालच्या मजल्यावर कोणीतरी भाकरी थापत होतं. बराच वेळ झाल्यावर मी उठलो आणि घरी आलो. पुढची काही वर्षं ते मला पोस्टात दिसायचे, तिकिटांच्या खिडकीशी, हातात तो परदेशी पत्रांचा निळा कागद. मला बघितलं की रांग सोडून बाजूला व्हायचे. त्यांचं तिकडे पुन्हा सुरू झालं होतं, आणि ते सुरू करून देणारा मी होतो. पण माझ्याशी त्यांचा काही भाव उरला नव्हता.

राग आहे तो याचा. सात वर्षं ज्या खोलीसाठी घासाघीस केली, त्या खोलीत राहून आलेला माणूस समोर उभा होता. खोली कशी होती, खिडकी कुठे उघडते, दोन पलंगांत अंतर किती, एवढं तरी त्यांनी विचारायला हवं होतं. खिडकी मागच्या अंगणात उघडायची. अंगणात एकच झाड होतं. मी सगळं नीट बघून ठेवलं होतं.